मंदाताईंचा उजवा पाय

दारं मिटली, दिवा हिरवा झाला, समोरचा रस्ताही मोकळा होता. तरी बस जागच्या जागी अर्धा श्वास थांबली आणि मगच हलली.

आत बसलेल्यांना त्याचं काही वाटलं नाही. ही बस अशीच सुटते, हे सायगॉनकरांच्या अंगवळणी पडलं होतं. पुढच्या बाकावरच्या मंदाताई भुवड मात्र दर वेळी ओशाळून हसायच्या. त्यांच्या समोरच चालकाची जागा होती आणि तिथे कुणीही बसलेलं नव्हतं.

"लान, हे तेवढं काढून टाकता येत नाही का गो?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं.

"कशाला काढायचं, आत्या? लोकांना आवडतं. माझी आई म्हणते, ही बस निघण्याआधी विचार करते."

"डोंबलाचा विचार! सकाळी गाडीवर चढलं की स्टेअरिंगला हात लावायचा आणि कपाळाला लावायचा, ही माझी सवय. पुढेपुढे दर थांब्यावरून निघतानाही मनातल्या मनात होऊ लागलं. तेच उचललंय हिनं."

लान हसली. ती शहराच्या बससेवेतली अभियंता. ती बोलायची व्हिएतनामीत आणि मंदाताई मराठीत. दोघींच्या कानांतले, तिथे सगळ्यांच्याच कानांत असतात तसले वाटाण्याएवढे दुभाषे मधलं काम करायचे. त्या देशात अनोळखी माणसालाही नात्यानंच हाक मारतात. त्यामुळे आईच्या वयाच्या मंदाताईंना लान म्हणायची तो शब्द कानात 'आत्या' होऊन उतरायचा. चिपळूणहून इतक्या लांब येऊन आपल्याला भाची मिळाली, याची मंदाताईंना मोठी गंमत वाटे.

ही बस मंदाताईंच्या सवयीनं का चालत होती, ते आधी समजून घेऊ. चालकाशिवाय गाडी चालवायची तर एक सरळ वाट आहे: यंत्राला नियम शिकवायचे. लाल दिव्याला थांब, पुढच्या गाडीपासून अंतर ठेव, माणूस दिसला की ब्रेक लाव. नियम पाळणाऱ्या शहरांत अशा गाड्या उत्तम चालल्या. सायगॉनमध्ये त्या चौकात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. चारी बाजूंनी स्कूटर्सचा लोंढा वाहत होता, कुणी उलटा येत होता, कुणी पदपथावरून जात होता, आणि नियमांची गाडी बिचारी कुणीतरी जागा देईल म्हणून सभ्यपणे वाट बघत होती.

म्हणून दुसरी वाट शोधली गेली. एखाद्या निष्णात चालकाला दाब ओळखणाऱ्या तळव्यांचे बूट द्यायचे, तसेच हातमोजे द्यायचे. नजर कुठे जाते ते टिपणारा चष्मा आणि श्वास मोजणारा पट्टा द्यायचा. मग त्याला कित्येक महिने आपल्या नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवू द्यायची. यातून यंत्राकडे जमा होतात त्या सवयी. हा माणूस कशाला दचकतो, कशाला दचकत नाही, किती फटीतून गाडी जाईल असं त्याला वाटतं, समोरच्याच्या मानेवरून तो काय ओळखतो, हे सगळं एकत्र मळलं जातं. त्या गोळ्याला नाव पडलं चालकछाप.

मंदाताईंची छाप कुंभार्ली घाटात आणि गुहागरच्या रस्त्यावर, भर पावसाळ्यात घेतलेली होती. पावसात गाडी चालवण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नाही, असं परीक्षकांचं मत पडलं आणि पावसाला कंटाळलेल्या सायगॉननं ती छाप मागून घेतली. सोबत सल्लागार म्हणून मंदाताईही आल्या. एसटीतून निवृत्त होताना त्यांना शाल आणि नारळ मिळाला होता. पण घरी आल्यावर हातांनी करायचं काय, हा प्रश्न सुटला नव्हता. आता त्यांचे हात दूरच्या एका शहरात माणसं नेत-आणत होते. या गोष्टीनं त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली होती.

"येत्या उधाणाला खरी परीक्षा," लान म्हणाली. "सध्या या एकाच मार्गावर तुमची छाप आहे, बाकीच्या बस अजून माणसंच चालवतात. मोठा पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की समितीचे लोक बसमध्ये बसतील. पसंत पडली तर शहरातल्या सगळ्या बसना हीच छाप."

"आणि नाही पडली तर?"

"पुसून टाकतील, आत्या. दोन छापा एका शहरात ठेवत नाहीत. गाड्यांना एकमेकींचा अंदाज येत नाही मग."

"पावसाचीच परीक्षा ना? मग येऊ दे उधाण," मंदाताई म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

बस शहराला केव्हाच सरावली होती. अडचण मंदाताईंची होती. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, तिकडे उजव्या. अख्खी छाप आरशात धरल्यासारखी उलटवायला संगणकाला जेवणाची सुट्टी पुरली. पायांखालच्या ब्रेकच्या नि वेगाच्या कळा तेवढ्या दोन्ही देशांत सारख्याच असल्यानं पाय होते तसेच राहिले. मंदाताईंची मान मात्र कुणाला उलटवता आली नाही. रस्त्यात पाय टाकताना त्या आधी उजवीकडे बघत आणि डावीकडून आलेला भोंगा कानठळ्या बसवून जाई. वर त्यांना आपली हात दाखवायची सवय. चिपळूणच्या बाजारपेठेत पंजा पुढे केला की रिक्षा थांबते. इथे पंजा पुढे करून त्या थबकल्या की समोरचे स्कूटरवाले गोंधळून दोन्ही बाजूंना फाकत आणि एकमेकांवर आदळता आदळता वाचत.

त्यांना रस्ता ओलांडायला शिकवलं बा साउ यांनी. 'बा' म्हणजे आजी आणि 'साउ' म्हणजे सहा. त्या भागात मुलांना क्रमांकानं हाक मारायची रीत आहे आणि मोजणी दोनापासून सुरू होते, म्हणून पाचवं अपत्य झालं सहावं. मंदाताई त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. खाली रस्त्याला लागून बा साउंचं सूपचं दुकान होतं: दारातच कोळशाची शेगडी, तिच्यावर कमरेएवढं पातेलं, आणि बसायला बुटकी प्लास्टिकची स्टुलं. पहिल्या भेटीत नाव विचारायच्या आधी बा साउंनी वय विचारलं होतं. आपल्यापेक्षा लहान आहे म्हटल्यावर त्या समाधानानं म्हणाल्या, "म्हणजे तू धाकटी. बरं झालं. आता तुला ओरडता येईल."

आणि त्या ओरडतही. "अगं धाकटे, पंजा कुणाला दाखवतेस? ते काय तुझे नोकर आहेत? हातात सूपचं भरलेलं पातेलं आहे असं समज. पातेलं घेऊन कुणी पळतं का? मध्येच थांबतं का? एका चालीनं चालत राहा. तू कुठे असशील ते त्यांना कळलं पाहिजे, मग ते आपोआप वळसा घालतात."

मंदाताईंनी डोळे किलकिले केले, हातात पातेलं धरलं आणि एका चालीनं निघाल्या. स्कूटर्स त्यांच्या मागून पुढून पाण्यासारख्या वाहत गेल्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं तर बा साउ पळी उंचावून हसत होत्या.

पौर्णिमेला उधाण होतं. कोकणातल्या माणसाला उधाण सांगावं लागत नाही. पण इथलं उधाण वेगळं होतं. शहर सखल, जमीन वर्षावर्षाला थोडी खचणारी. भरती आली की नदीचं पाणी गटारांतून उलटं चढून रस्त्यावर येतं. त्याच वेळी वरून पाऊस कोसळला तर त्याला जायला जागाच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून रस्ते पुन्हा पुन्हा उंच केलेले. त्यामुळे रस्ता वर गेला आणि बा साउंचा उंबरठा खाली राहिला.

समितीनं आपलं येणं पुढे ढकललं होतं, पण दुपारी आभाळ फुटलंच. सगळ्या स्कूटर्स एकदम कडेला थांबल्या आणि बघता बघता रस्त्याचा रंग बदलला. हिरवे, पिवळे, जांभळे रेनकोट. त्यात काही दोन डोक्यांचे: एकाच कापडाला दोन भोकं, पुढच्यातून चालवणारा डोकं काढतो, मागच्यातून मागे बसणारा. मंदाताई दारात स्टुलावर बसून हे बघत होत्या. पाणी घोट्याच्या वर आलं होतं, पण उंबऱ्यावर बा साउंनी वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या आणि पातेलं निवांत उकळत होतं.

तेवढ्यात लांबून बस येताना दिसली.

"बा, बघा! माझी बस," मंदाताई उठून उभ्या राहिल्या. "बघा कशी येते पाण्यातून. इतर गाड्या बंद पडल्यात आणि ही बघा!"

बस खरोखरच दिमाखात येत होती. एकच वेग, कुठे अडखळणं नाही. मंदाताईंना आपलाच पाय आत दाबलेला दिसत होता. बस समोरून निघून गेली आणि तिच्या मागोमाग पाण्याची लाट आली. गुडघ्याएवढी, तपकिरी, सरळ आडवी. वाळूच्या पिशव्या आत ढकलल्या गेल्या, शेगडी फसकन विझली, पातेलं कललं आणि सकाळपासून शिजलेलं सूप रस्त्याच्या पाण्यात मिसळून गेलं. बाहेर दोन डोक्यांच्या रेनकोटातली एक आई आणि तिची मुलगी स्कूटरसकट आडव्या झाल्या. आजूबाजूचे धावले, त्यांना उठवलं. लागलं नव्हतं, पण ती लहानगी घाबरून रडत होती.

बा साउंनी पाण्यावर तरंगणारा कांदा उचलला. त्याच्याकडे पाहिलं. मग मंदाताईंकडे.

"तुझी बस काय," त्या म्हणाल्या. "मग शेगडीही तूच पेटव."

मंदाताईंना आपल्याच हातची चपराक बसल्यासारखं झालं.

लाननं दुसऱ्या दिवशी आगारात सगळी नोंद पडद्यावर लावून ठेवली होती. "पाण्यात तुमची छाप वेग कमी करत नाही, आत्या. उलट किंचित वाढवते. मला हे कळतच नाही. इतर सगळीकडे तुम्ही किती सांभाळून चालवता!"

"अगं, पाण्यात पाय उचलायचाच नसतो," मंदाताई म्हणाल्या. "हा पहिला धडा. आमचे उस्ताद पायावर पट्टी मारायचे. पाण्यात वेग सोडलास की सायलेन्सरमधून पाणी आत शिरणार, इंजिन बंद पडणार, आणि माणसांनी भरलेली गाडी घेऊन तू वाशिष्ठीच्या पाण्यात मधोमध बसणार. मी बघितलीय अशी बसलेली गाडी. खिडक्यांतून काढली होती माणसं."

"सायलेन्सर म्हणजे?"

"सायलेन्सर गो. मागची नळी. धूर सोडणारी."

लाननं भुवया वर केल्या. ती पंचविशीतली, डिझेलचं इंजिन तिनं संग्रहालयात पाहिलं असेल. "पण या बसमध्ये तर विजेची मोटर आहे. धूरच नाही."

मंदाताई उठून बाहेर उभ्या असलेल्या बसच्या मागे गेल्या, वाकल्या, खाली बघितलं. नळी नव्हती. नसणारच होती; हे त्यांना ठाऊकही होतं. ठाऊक नव्हतं ते त्यांच्या उजव्या पायाला.

लाननं आधी सोपा उपाय करून पाहिला. छापेवर एक नियम बसवला: पाणी असेल तिथे वेग निम्मा. झालं भलतंच. नियम ब्रेक दाबी, छाप वेग दाबी, आणि बस पाण्यात अशी गचके देत चालली की आतल्या माणसांना मळमळू लागलं. त्याहून वाईट म्हणजे कोरड्या रस्त्यावरही ती बुजू लागली. स्कूटर आडवी आली की आपला अंदाज खरा की नियम, या घोळात अडकू लागली. मळलेल्या कणकेतून मीठ तेवढं वेगळं काढता येत नाही, तसं ते होतं. लाननं नियम काढून टाकला आणि पाणी भरलं की या बस बंद ठेवायची व्यवस्था केली.

"आता एकच मार्ग," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा बूट घालायचे. पाण्यात गाडी चालवायची. तुमचा पाय उचलला गेला तर नवी सवय छापेत मुरेल. पण मुद्दाम उचललेला चालत नाही, आत्या. यंत्राला फरक कळतो. आपसूक उचलला गेला पाहिजे."

"समिती कधी येतेय?"

"अमावास्येच्या उधाणाला."

"म्हणजे पंधरवडा. भरपूर झाला," मंदाताईंनी पदर खोचला. "चार पोरांना घाटात गाडी शिकवलीय मी. एका पायाला शिकवायला काय लागतं?"

पण पाय पोरांपेक्षा हट्टी निघाला. आगाराच्या धुण्याच्या चौकात पाणी तुंबवलं होतं. मंदाताई बूट घालून बसत, पाय हलका ठेवत, स्वतःला बजावत. पुढची चाकं पाण्यात शिरेपर्यंत सगळं ठीक असे. मग बसच्या तळाशी पाण्याचा तो आवाज येई, खळाळत घासत जाणारा, आणि पाय खाली जाई. आवाज आला की पाय खाली. पडद्यावरची रेघ दर वेळी तिथेच उसळी घेई. त्यांनी कानांत बोळे घातले. आवाज तळव्यांतून आला. त्यांनी गाणं म्हटलं, पाढे म्हटले. पाय खालीच. आठवडा गेल्यावर लानच्याही चेहऱ्यावर काळजी दिसू लागली.

"काय गं, तोंड का पडलंय?" संध्याकाळी बा साउंनी विचारलं. मंदाताईंनी सगळं सांगितलं. बा साउ पळी हलवत ऐकत होत्या.

"तू कधी पाण्यात उभी राहिलीयस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अहो बा, मी चिपळूणची. पाण्यातच जन्म गेला."

"पाण्याच्या वर गेला. बसच्या खुर्चीत. किती उंच असते ती?" बा साउंनी हातानं आपल्या डोक्याच्या वरची उंची दाखवली. "उद्या माझ्यासोबत चल. कोळसा आणायचाय. माझा होता तो तू भिजवलास."

दुसऱ्या दिवशी दुपारी नेमाप्रमाणे पाऊस आला. उधाण नव्हतं, तरी बाजाराच्या वाटेवर पोटरीएवढं पाणी होतं. बा साउंच्या म्हाताऱ्या स्कूटरवर मंदाताई मागे बसल्या, मधे कोळशाची गोणी, आणि वरून दोन डोक्यांचा जांभळा रेनकोट. मागच्या भोकातून डोकं काढून त्या इकडेतिकडे बघू लागल्या. रस्ता असा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. इथून सगळ्या गाड्या प्रचंड दिसत होत्या. दुतर्फा उंबरे दिसत होते, प्रत्येक उंबऱ्यापाशी कुणीतरी झाडू घेऊन पाणी परतवत होतं, कुणी देवापुढची उदबत्ती वरच्या फळीवर सरकवत होतं.

आणि मागून तो आवाज आला. खळाळत घासत येणारा. आयुष्यभर ऐकलेला, पण तो नेहमी त्यांच्या पायांखालून आला होता, आज पाठीमागून आला आणि त्यांनी मधली गोणी घट्ट धरली.

तो एक मालट्रक होता. माणूसच चालवत होता. शेजारून जाताना मंदाताईंनी वर पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा दिसला. त्यांच्याच वयाचा, नजर समोर रोखलेली, गाडी बंद पडू न देता पाण्यातून काढतोय याचं शांत समाधान तोंडावर. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खाली कुणी दिसतच नव्हतं.

लाट आली. स्कूटरचं पुढचं चाक फिरलं आणि दोघी आडव्या झाल्या, एकाच रेनकोटात, मधे कोळशाची गोणी. एक उठायला गेली की दुसरीचा गळा आवळे. नाकातोंडात पाणी गेलं, मंदाताईंचा गुडघा खरचटला.

"माझं डोकं ओढू नकोस!" बा साउ ओरडल्या.

"तुम्ही माझं ओढताय!"

तीन-चार स्कूटरवाल्यांनी उतरून त्यांना रेनकोटातून सोडवलं. दोघी कोळशानं काळ्या झाल्या होत्या. बा साउंनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि कोळशाकडे पाहिलं. "हाही भिजला. आता तुझ्याकडून दोन गोण्या येणं."

मंदाताईंना हसू आवरेना. भर पावसात, भर रस्त्यात, त्या पोट धरून हसत सुटल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी गुडघ्याला पट्टी बांधून बूट चढवले. बस चौकातल्या पाण्यात शिरली. तळाशी आवाज आला. पडद्यापुढे बसलेली लान एकदम उभी राहिली, कारण रेघ उसळी घ्यायच्या जागी खाली आली होती. तिनं परत करायला सांगितलं. परत तेच. मंदाताईंनी काही ठरवलं नव्हतं, पाढेही म्हटले नव्हते. आवाज जुनाच होता. पूर्वी तो ऐकला की वाटे, गाडी बंद पडेल. आता वाटत होतं, खाली कुणीतरी आहे.

अमावास्येला पाऊस असा लागला की दुपारी दिवे लावावे लागले. समितीचे प्रमुख क्वांगसाहेब दोन सहकाऱ्यांना घेऊन बसमध्ये चढले. लाननं मंदाताईंना खूप आग्रह केला, पण त्या बसमध्ये बसल्या नाहीत.

"मी आत असले तर मला समोरचंच दिसेल," त्या म्हणाल्या. "मी दारात थांबते."

बा साउंच्या दारात त्या पाण्यात अनवाणी उभ्या राहिल्या. वाळूच्या पिशव्या होत्याच. मागे शेगडी धगधगत होती आणि पातेल्यातून बडीशेप, दालचिनीचा वास येत होता. स्कूटर्स हळूहळू जात होत्या. कितीतरी वेळ गेला. मग पावसाच्या आवाजाच्या खालून तो दुसरा आवाज आला आणि पाण्यातल्या मंदाताईंच्या उजव्या पायाची टाच जमिनीवर राहून चवडा आपोआप वर उचलला गेला.

त्याच क्षणी रस्त्यावरून येणारी बस हळू झाली.

ती थांबली नाही, अडखळली नाही. भरलं पातेलं हातात घेऊन चालणाऱ्या माणसासारखी एका चालीनं पुढे आली. तिच्या कडेनं पाणी फुगलं, पसरलं, वाळूच्या पिशव्यांना लागलं, वरून एक पातळ जीभ आत येऊन शेगडीच्या पायाला स्पर्शून परत गेली. शेगडी पेटलेलीच राहिली. बा साउंनी मात्र सवयीनं पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "मागे बघ."

बसच्या मागे तिच्या रुंदीएवढा पाण्याचा पट्टा सपाट झाला होता. त्या शांत पट्ट्यात एकामागून एक स्कूटर्स आल्या होत्या. हिरवे, पिवळे रेनकोट, बदकीमागे पिल्लं लागावीत तसे. हे मंदाताईंनी शिकवलं नव्हतं, लाननंही नाही. स्कूटरवाल्यांनी आपलं आपणच ओळखलं होतं, की हिच्या मागे चालणं सुरक्षित आहे.

पुढच्या थांब्यावर उतरून क्वांगसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून चालत मागे आले. मागून लान धावत होती.

"बस ठरल्या वेळेपेक्षा उशिरा पोचली," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

मंदाताई उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच बा साउंनी साहेबांच्या हातात वाडगा दिला. "खाऊन बघा. गरम आहे की नाही? मग उशीर कुठे झाला?"

क्वांगसाहेबांनी वाडग्याकडे पाहिलं, पेटलेल्या शेगडीकडे पाहिलं, आणि वळून रस्त्याकडे पाहिलं. स्कूटर्सची ती रांग अजून दिसत होती. मग ते बुटक्या स्टुलावर बसले, पाण्यातच, आणि खाऊ लागले. वाडगा संपल्यावर म्हणाले, "वेळापत्रक बदलावं लागेल. पावसाळ्याचं वेगळं."

लाननं मंदाताईंचा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

छाप सगळ्या बसना लागली. पाऊस सरला, रस्ते कोरडे झाले, मंदाताईंची निघायची वेळ आली. निघण्याच्या आदल्या सकाळी त्या आणि लान पुन्हा पुढच्या बाकावर होत्या. बस अर्धा श्वास थांबली, निघाली, आणि बा साउंच्या दुकानासमोर हळू झाली. रस्त्यावर पाण्याचा थेंब नव्हता. ऊन पडलं होतं. दारातून बा साउंनी न बघताच पळी हलवली आणि बसनं पुन्हा वेग घेतला.

"हे मला तुम्हाला सांगायचंच होतं," लान म्हणाली. "सगळ्याच बस करतात. या दारापुढे आणि शहरात जिथेजिथे दारात शेगडी असेल तिथेतिथे. पाणी असो नसो. पाय उचलायला शिकल्यावर तुम्ही या रस्त्यावरही सराव केलात, तेव्हा तुमची छाप हेही शिकली. बिघाड नाही, तरी मी प्रयत्न करून पाहू शकते. काढू?"

"कणकेतून मीठ?" मंदाताई हसल्या. "राहू दे गो."

बा साउंचं वय लानला माहीत होतं. हा रस्ता आणखी उंच होणार आणि ही खालची घरं जाणार, हेही तिला माहीत होतं. "आत्या, ही छाप आता बाकीच्या शहरांनीही मागितलीय. चितगाव, कोची. तुमचं चिपळूणसुद्धा. तिथल्या बसही अशाच एखाद्या दारापुढे हळू होतील. आत बसलेल्यांना का ते कळणार नाही. तिथे बा साउ नसतील."

मंदाताईंनी मागे वळून पाहिलं. दुकान वळणाआड गेलं होतं. रिकाम्या खुर्चीसमोरची वेगाची कळ आपोआप दबत होती, अगदी त्यांच्या पायासारखी.

"नसतील," त्या म्हणाल्या. "पण गाडी हळू झाली की आतलं माणूस खिडकीतून बाहेर बघतंच. मग दारात कोण दिसेल त्याला?"